ग्राहकाचा शब्द आणि कुशल हातांचा शोध

गोव्यातील लहान उद्योजकांच्या कोणत्याही बैठकीत, मग ती वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असो, कुंडईला असो वा थिवीला, एक तक्रार हमखास कानी पडते : कामाची माणसे मिळत नाहीत. म्हापसा, डिचोली, फर्मागुडी, होंडा, काकोडा येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांची तक्रार नेमकी उलटी असते. मनाजोगती नोकरी गावाजवळ मिळत नाही, असे ते म्हणतात. मग कोणी बोटीवर जातो, कोणी आखाताची वाट धरतो, तर कोणी शिकलेला व्यवसाय सोडून भलत्याच कामाला लागतो. या दोन्ही तक्रारी एकाच तालुक्यात, क्वचित एकाच वाड्यावर ऐकू येतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

याची कारणे अनेक आहेत. वेतन हे त्यांतील पहिले, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जेथे वेतनच अपुरे आहे, तेथे पुढील विवेचनाचा काडीमात्र उपयोग होणार नाही. परंतु वाजवी वेतन वेळेवर देणाऱ्या, काम नीट करणाऱ्या लहान व्यावसायिकालाही जेव्हा माणूस मिळत नाही, तेव्हा त्याचे कारण बहुधा माहितीच्या अभावात असते. तो चांगला मालक आहे हे त्याच्या शेजाऱ्यांना ठाऊक असते. दहा कोसांवरच्या प्रशिक्षित तरुणाला ते कळण्याची काही सोय नसते.

अशा व्यावसायिकाची जाहिरात पाहावी. “पाहिजे : अनुभवी एसी मेकॅनिक. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटावे.” बसस्थानकाच्या भिंतीवर, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत, आणि आता मोबाइलवरील गटागटांतून हाच मजकूर फिरत असतो. चांगल्या मालकाची जाहिरात अशी आणि वाईट मालकाचीही अशीच. मालकाला काय हवे एवढेच ती सांगते. मालक कसा आहे, काम कोणत्या दर्जाचे आहे, हे सांगत नाही. ज्याच्या हाती कला आहे असा कारागीर एवढ्या मजकुरावर विसंबून सध्याची नोकरी सोडत नाही. जो कोठेच टिकलेला नाही, तोच प्रथम येऊन उभा राहतो.

अर्थशास्त्रात या अडचणीचा विचार पूर्वीच झालेला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव येतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली नोकरीच्या बाजाराकडे याच दृष्टीने पाहिले. मालकाला उमेदवाराची योग्यता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून प्रमाणपत्रासारखी एखादी खूण लागते. आणि ही खूण उपयोगी ठरते ती अशासाठी की, नालायक माणसाला ती मिळवणे अवघड जाते. या दोघांना, जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह, २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उमेदवाराने आपली खूण दाखवावी ही रीत सर्वत्र रूढ झाली. प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळखीच्याचे पत्र हे सारे तो घेऊन येतो. मालकाने मात्र उमेदवाराला कोणती खूण दाखवावी, याचा विचार लहान व्यवसायांत क्वचितच होतो. मोठ्या कंपनीचे नावच तिची खूण असते. चार माणसांच्या दुकानाला तसे नाव नसते.

जुनी रीत

गोवेकरांना ही अडचण नवी नाही. मुंबईला बोटीची नोकरी शोधण्यासाठी जाणारे तारवटी आपापल्या गावाच्या कूडमध्ये उतरत. धोबीतलाव परिसरात आणि अन्यत्र असलेल्या या कूड म्हणजे स्वस्त निवासाची सोय तर होतीच, पण अनुभवांची देवाणघेवाणही तेथेच होई. नुकताच बोटीवरून उतरलेला आणि बोटीवर चढण्याची वाट पाहणारा, असे दोघे एकाच ओसरीवर पथारी टाकीत. कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे ज्ञान छापील जाहिरातीवाचून पसरत असे.

आज कूडची जागा पूर्णपणे कशानेही घेतलेली नाही. परंतु एक नवे साधन हाती आले आहे आणि ते बहुतेक मालकांना केवळ गिऱ्हाईक मिळवण्याचे साधन वाटते. ते म्हणजे ग्राहकांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय. लोकांच्या तोंडी ‘रिव्ह्यू’ हाच शब्द आहे. गुगलच्या नकाशावर दुकानाचे नाव शोधले की त्याखाली तारे दिसतात आणि ताऱ्यांखाली लोकांनी लिहिलेली वाक्ये दिसतात. हॉटेले आणि पर्यटकांची घरगुती निवासस्थाने यांच्याविषयी तर २००० साली स्थापन झालेल्या ट्रिपॲडव्हायझरपासून असे लेखन सुरू आहे.

या अभिप्रायांचे वजन किती, याविषयी एक अभ्यास लक्षात घेण्यासारखा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी अमेरिकेतील सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष मांडला की, येल्प या संकेतस्थळावरील एका ताऱ्याच्या वाढीमुळे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. मात्र हा परिणाम स्वतंत्र, एकट्या उपाहारगृहांवर दिसला. ज्यांच्या शाखा गावोगाव आहेत अशा नामांकित उपाहारगृहांवर तो दिसला नाही. ज्याचे नाव आधीच सर्वांना माहीत आहे, त्याला परक्याच्या साक्षीची गरज कमी. हा अभ्यास गिऱ्हाइकांविषयी आहे, कामगारांविषयी नाही; तथापि ज्याला नाव नाही अशा व्यवसायाला अपरिचितांची साक्ष उपयोगी पडते, ही त्यामागील गोष्ट नोकरीच्या शोधात असलेल्या माणसालाही लागू पडावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

एकच वाक्य, दोन वाचक

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पिता येईल. बार्देश तालुक्यात वातानुकूलन यंत्रे आणि फ्रिज दुरुस्त करणारा एक लहान व्यवसाय आहे, असे समजावे. मालक स्वतः कारागीर, हाताखाली चार माणसे, एक व्हॅन. कामे किनाऱ्यावरच्या हॉटेलांची, घरांची आणि एकदोन दवाखान्यांची. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या यंत्राची कॉइल सडते, म्हणून कामाला तोटा नाही. दोन माणसे सोडून गेली आहेत आणि पर्यटकांचा हंगाम तोंडावर आहे. या व्यवसायाविषयी गुगलवर साठएक अभिप्राय आहेत. मालकाने ते कधीतरी चाळले आहेत, सरासरी ४.३ तारे पाहून समाधान मानले आहे आणि मोबाइल खिशात टाकला आहे.

तेच अभिप्राय आता होंडा येथील संस्थेतून रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा व्यवसाय शिकलेला, दोन वर्षे काम केलेला तरुण वाचतो आहे अशी कल्पना करावी. ताऱ्यांकडे तो फारसे पाहत नाही. त्याचे लक्ष वाक्यांवर असते.

एका ग्राहकाने लिहिले आहे : “आधीचे दोघे नुसता गॅस भरून गेले. या माणसाने प्रथम गळती शोधली, ती बंद केली आणि मगच गॅस भरला.” सामान्य वाचकाला ही केवळ स्तुती वाटेल. कारागिराला तीत बरेच काही दिसते. येथे घाईने गॅस भरून पैसे घेण्याची पद्धत नाही, गळती शोधायला वेळ दिला जातो, त्यासाठी लागणारी साधने दुकानात आहेत आणि मालक ‘लवकर आटप’ म्हणून पाठीशी लागत नाही. आपण जे शिकलो ते येथे वापरता येईल, हे त्याला या एका वाक्यातून कळते. कोणत्याही जाहिरातीने ते त्याला पटले नसते, कारण जाहिरात मालक लिहितो आणि हे वाक्य लिहिणाऱ्याला मेकॅनिक मिळो वा न मिळो, त्याचे काही सोयरसुतक नाही.

दुसऱ्या ग्राहकाने काम करणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानले आहेत. म्हणजे या दुकानात माणूस ‘मालकाचा पोऱ्या’ म्हणून जात नाही, त्याला नाव आहे. कुशल कारागिराला वेतनाच्या खालोखाल याच गोष्टीची ओढ असते. हॉटेलातील आचाऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. पाहुणा परत जाताना हुमणाची किंवा सोलकढीची आठवण लिहितो, पण ती करणारे हात कोणाचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जेथे सांगितले जाते, तेथे ते अभिप्रायात उतरते आणि दुसऱ्या आचाऱ्याच्या वाचनात येते.

तिसरा अभिप्राय असा आहे : “रविवारी रात्री दहाला फोन केला, अर्ध्या तासात माणूस हजर. देवासारखे धावून आले.” मालक हे वाक्य अभिमानाने फलकावर लावील. उमेदवार मात्र ते वाचून थबकेल. रविवारी रात्री दहाला धावून गेलेला तो माणूस कोण? त्याला त्या रात्रीचे काय मिळाले? सोमवारी सकाळी त्याला उशिरा येण्याची मुभा होती का? ग्राहकाच्या तोंडचे कौतुक कामगाराच्या दृष्टीने इशाराही असू शकते, ही गोष्ट अभिप्रायांचा उपयोग करू पाहणाऱ्या मालकांच्या सहसा ध्यानी येत नाही. तातडीच्या कामासाठी पाळी ठरलेली असेल, जादा वेळेचा मोबदला कायद्याने ठरवलेल्या दराने दिला जात असेल, बदली सुट्टी मिळत असेल, तर ते त्याच वाक्याला जोडून सांगितले पाहिजे. आणि तसे काही ठरलेलेच नसेल, तर ते वाक्य जाहिरातीत घालण्यापूर्वी ते ठरवले पाहिजे. पुष्कळदा अभिप्राय वाचण्याचा खरा लाभ हाच होतो. माणसे का सोडून गेली, याचे उत्तर ग्राहकांनीच नकळत लिहून ठेवलेले असते.

यापुढे येतात तक्रारी. “तीन दिवस फोन केला, कोणी उचलला नाही.” “आलेला मुलगा नवशिका होता, काम बिघडवून गेला.” अशा मजकुराखाली मालकाला उत्तर लिहिण्याची सोय असते, आणि हे उत्तर ग्राहकापेक्षा भावी कामगार अधिक बारकाईने वाचतो. समजा, मालकाने लिहिले : “तो मुलगा नालायक निघाला, त्याला आम्ही काढून टाकले आहे.” ग्राहकाचे कदाचित समाधान होईल. परंतु हे वाचणारा प्रत्येक उमेदवार मनाशी म्हणेल की, उद्या आपल्या हातून चूक झाली तर आपलीही अशीच चव्हाट्यावर धिंड निघेल. त्याऐवजी मालकाने असे लिहिले की, “चूक आमची आहे. नव्या माणसाला एकट्याने पाठवायला नको होते. आमचा अनुभवी मेकॅनिक उद्या येऊन विनामूल्य काम करून देईल,” तर ग्राहकही राखला जातो आणि येथे शिकणाऱ्याला सांभाळून घेतात हेही चारचौघांत सांगितले जाते. दोन ओळींच्या या उत्तराला खर्च काही नाही. रागाच्या भरात ते लिहू नये, एवढेच पथ्य.

साठ अभिप्राय वाचायला एक संध्याकाळ पुरते. शाळकरी वही घेऊन तिचे उभे रकाने पाडावेत : कामाचा दर्जा, वागणूक, वेळ, दर, आणि कोणाचे नाव आले ते. प्रत्येक अभिप्रायातील मुद्दा त्या त्या रकान्यात मांडत गेले की, आपल्या दुकानाची जी ओळख लोकांच्या मनात आहे ती समोर उभी राहते. मालकाला वाटते आपण स्वस्त म्हणून लोक येतात. वही सांगते की, काम पुन्हा करावे लागत नाही म्हणून येतात. जाहिरात कशी लिहावी हे या वहीवरून ठरते. वाचताना दुकानातील माणसांनाही जवळ बसवावे. ‘रविवारी रात्री’ या शब्दांमागे काय घडले होते, ते त्यांनाच माहीत असते.

जाहिरात कशी असावी

वरील व्यवसायाची जाहिरात मग पुढीलप्रमाणे होऊ शकेल : “एसी व फ्रिज दुरुस्तीसाठी दोन मेकॅनिक हवेत. संबंधित व्यवसायाचे आयटीआय प्रमाणपत्र आणि एक वर्षाचा अनुभव. मासिक वेतन इतके ते इतके. कामाची वेळ सकाळी ९ ते ६. आठवड्याची सुट्टी ठरलेली. रात्रीच्या तातडीच्या कामाची पाळी आठवड्यातून एकदा, त्याचा मोबदला वेगळा. गळती तपासण्याची व कॉइल धुण्याची साधने दुकानाची. आमच्या कामाविषयी एका ग्राहकाने लिहिले आहे : ‘प्रथम गळती शोधली, ती बंद केली आणि मगच गॅस भरला.’ सर्व अभिप्राय, तक्रारींसह, गुगलवर आमच्या नावाखाली वाचावेत.”

वेतनाचा आकडा लिहायला मालक कचरतात. तो लिहिलाच पाहिजे. आकडा लपवून ग्राहकांची स्तुती पुढे केली, तर उमेदवार त्या स्तुतीवरही विश्वास ठेवणार नाही. अभिप्राय घेताना तो जसाच्या तसा घ्यावा. अर्धे वाक्य तोडून अर्थ बदलू नये. एकदोन वाक्ये पुरेत. ग्राहकाचे नाव, छायाचित्र वा पत्ता देण्याचे काही कारण नाही. अभिप्रायात कामगाराचे नाव असेल, तर ते जाहिरातीत घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. परंतु कायदा नसता तरी, आपल्या माणसाला विचारल्याखेरीज त्याचे नाव भिंतीवर लावू नये हे सभ्यतेला धरून आहे.

ही जाहिरात जावी कोठे? रोजगार विनिमय केंद्रात तर जावीच, २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावरही विनाशुल्क नोंदवता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे निदेशक, पंचायतीचा फलक, गावचे वाचनालय यांना विसरू नये. मजकूर मराठीत आणि कोंकणीत असावा. इंग्रजी जाहिरात वाचून अर्ज करणारा मुलगा चांगला मेकॅनिक असतोच असे नाही.

खोट्याचा मोह

अभिप्रायांना किंमत आली की खोटे अभिप्राय येतात. पैसे देऊन स्तुती लिहून घेणे, नातेवाइकांकडून पाच पाच तारे देवविणे, शेजारच्या दुकानावर वाईट लिहिणे असे प्रकार देशोदेशी चालतात. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याची तत्त्वे त्यात आहेत, आणि विकत घेतलेल्या किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहवून घेतलेल्या अभिप्रायांना त्यात थारा नाही. ऐच्छिक स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या या मानकाच्या मागे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उभा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोट्या अभिप्रायांवर स्पष्ट बंदी आली आहे.

गुगलचे स्वतःचे नियमही मालकांनी समजून घेणे इष्ट. सवलतीच्या वा भेटवस्तूच्या बदल्यात अभिप्राय घेता येत नाही. खूश झालेल्या ग्राहकांनाच तेवढे निवडून लिहायला सांगता येत नाही. आपल्याच दुकानातील कामगारांकडून दुकानाची स्तुती लिहवून घेणेही नियमाविरुद्ध आहे. काम संपल्यावर प्रत्येक ग्राहकाला, तो हसत असो वा कपाळाला आठ्या घालून उभा असो, “काम कसे झाले ते लिहा” एवढेच म्हणावे.

नोकरभरतीत तर खोटे आठवडाभरही टिकत नाही. ग्राहक दुकानात अर्धा तास थांबतो, कामगार दिवसाचे आठ तास थांबतो. स्तुती वाचून आलेला मेकॅनिक पहिल्याच आठवड्यात पाहतो की गळती शोधायचे साधन बिघडलेले आहे आणि मालक ‘नुसता गॅस भर’ म्हणतो आहे. मग तो जातो, आणि जाऊन आपल्या संस्थेतील दहा जणांना सांगतो.

याच्या उलट, कामातील कष्ट आधीच सांगितल्याने उमेदवार पळतात हा समजही फारसा खरा नाही. अमेरिकन संशोधक जॉन वानस यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या काही उमेदवारांना कामाचे नेहमीचे गोड चित्र दाखवणारा चित्रपट आणि काहींना कामातील रुक्षपणाही दाखवणारा चित्रपट दाखवला. खरे चित्र पाहिलेल्यांपैकी नोकरी नाकारणारे काही वाढले नाहीत, आणि कामावर रुजू झाल्यावर नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. मुलाखतीच्या वेळी एखादी तक्रार उमेदवारासमोर ठेवून “तुम्ही असता तर काय केले असते?” असे विचारणे, हा यावरून सुचणारा सोपा उपाय आहे. उत्तरावरून त्याचे कसब कळते. त्याच वेळी या दुकानात काय काय घडू शकते, हे त्यालाही कळते.

वाचणाऱ्याने काय पाहावे

आतापर्यंतचे विवेचन मालकाच्या बाजूने झाले. उमेदवाराच्या हिताची एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ग्राहकाचा अभिप्राय ग्राहकाचे समाधान सांगतो, कामगाराचे नव्हे. पाहुण्यांनी पाच तारे दिलेल्या हॉटेलात वाढप्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नसेल, पावसाळ्यात त्यांना घरी बसवले जात असेल, तर त्याचा एक शब्दही अभिप्रायांत येणार नाही. पाहुण्याला ते दिसतच नाही. कामगारांनीच आपल्या मालकांविषयी लिहावे अशी संकेतस्थळे निराळी आहेत. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेले ग्लासडोअर आणि आपल्या देशातील ॲम्बिशनबॉक्स ही त्यांपैकी होत. परंतु तेथे मोठ्या कंपन्यांचीच माहिती मुख्यत्वे सापडते. चार माणसांच्या गॅरेजविषयी तेथे काही मिळण्याची आशा थोडीच. म्हणून अभिप्राय वाचून झाल्यावर त्या दुकानातील एखाद्या कामगाराला गाठून चहाच्या कपावर दोन प्रश्न विचारणे, ही जुनी रीत सोडू नये.

ग्राहकाच्या लेखणीत त्याचे पूर्वग्रहही उतरतात. मेकॅनिक म्हणून मुलगी आली म्हणून नाराज होणारा, परप्रांतीय कामगाराच्या बोलीला हसणारा ग्राहकही तारे देतो आणि काढून घेतो. अशा अभिप्रायाच्या उत्तरात मालक कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे पाहण्यासारखे असते.

ताऱ्यांच्या सरासरीविषयी शिक्षकांना वर्गात एक सोपे गणित घालता येईल. एका दुकानाला तीनच अभिप्राय आहेत, तिन्ही पाच ताऱ्यांचे. दुसऱ्याला साठ आहेत, सरासरी ४.३. दोघांनाही उद्या एकेक ग्राहक एकच तारा देतो. पहिल्याची सरासरी ५ वरून एकदम ४ वर येते, दुसऱ्याची ४.३ वरून जेमतेम ४.२५ पर्यंत उतरते. कोणत्या आकड्यावर अधिक भरवसा ठेवावा, हे आठवीतील विद्यार्थीही मग सांगू शकेल. शिवाय अभिप्राय कधीचे आहेत हेही पाहावे. चार वर्षांपूर्वीची स्तुती ज्या कारागिरामुळे झाली तो आज तेथे असेलच असे नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या निदेशकांना यातून एक चांगला पाठ तयार करता येण्यासारखा आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून आपल्या व्यवसायाशी संबंधित तीन स्थानिक दुकाने निवडावीत, त्यांचे अभिप्राय वरीलप्रमाणे वहीत मांडावेत, मग प्रत्यक्ष जाऊन दुकान पाहावे आणि वाचलेले व पाहिलेले यांत काय जुळले, काय जुळले नाही, ते दोन पानांत लिहावे. ग्राहकांची नावे या टिपणांत येऊ नयेत, आणि ती टिपणे संस्थेबाहेर जाऊ नयेत. दुकानदारांना या भेटीची पूर्वकल्पना दिलेली बरी. नाहीतर कर खात्याची माणसे आली अशी धांदल उडते. शिकाऊ उमेदवार कोठे पाठवावेत, हे ठरवताना संस्थेलाही या वह्या कामास येतील.

मालकांपुरता वेळापत्रकाचा प्रश्न उरतो. किनाऱ्यावरचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि माणसांची शोधाशोध सप्टेंबरअखेर होते, तेव्हा चांगले कारागीर आधीच कोठेतरी लागलेले असतात. जून-जुलैच्या पावसात कामे मंदावलेली असतात. अभिप्राय वाचणे, राहिलेल्या तक्रारींना उत्तरे लिहिणे, रात्रीच्या पाळीचे काय ते ठरवणे ही कामे तेव्हा उरकावीत. चतुर्थीला गावोगावची मुले घरी येतात, बोटीवर वा आखातात असलेलेही काही येतात. जाहिरात त्याच्या आधी पंचायतीच्या फलकावर लागलेली असावी.